चौथ्या चाकाला तेल नाही

तीर्थरूप सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी पाच खोलीत मावली, उरलेली तीन दाराबाहेर जिन्यात गेली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ माझे पाय ओलांडून, एक शब्दही न बोलता निघून गेले. तरी नमस्कार पूर्ण झाला असं धरावं.) पत्र लिहिण्यास कारण की, विशेष कारण काही नाही. मी इथे अगदी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागे सांगितलं होतंस आणि मी विसरलो, पण जे काही असेल ते कमी झालं असावं. भाऊजींचं घोरणं पूर्वीच्याच पट्टीत चालू आहे ना? (हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. दाखवलंसच तर आधी माझा आदरपूर्वक नमस्कार सांग आणि घोरण्याचं मागून सांग.) पोरांचा अभ्यास, घरमालकाशी पाण्याच्या टाकीवरून चाललेलं भांडण, मोरीचं दार, सगळं ठीकठाक असेल अशी आशा आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून गळत असेल तर तो दुरुस्त करू नका. का, ते पुढे लिहितो.

पत्र आलेलं पाहून तुझ्या पोटात गोळा आला असेल, तर तो आधी खाली बसव. कोणाला काही झालेलं नाही. फोनवर लिहून पाठवता आलं असतं, पण तुझ्याशी फोनवर लिहून बोलण्यात अर्थ राहिलेला नाही. मागे मी रात्री टेम्पोत बसून तुला एवढी मोठी हकिकत लिहून पाठवली, तर सकाळी तुझ्याकडून काय आलं? एक अंगठा. पिवळा. मी त्यावर विचारलं की म्हणजे काय, तर आणखी एक अंगठा आला. आता अंगठ्याशी माणसाने बोलणं वाढवायचं तरी कसं? राहता राहिलं प्रत्यक्ष बोलणं. तू उठून पोरांवर ओरडायला सुरुवात करतेस तेव्हा मी अंथरुणाला पाठ टेकतो, आणि तू दिवे घालवतेस तेव्हा मी बूट घालतो. त्यात तू घरात नियमच करून टाकलास की दिवसा त्याला कोणी फोन करायचा नाही, बिचारा रात्रभर राबतो, त्याची झोपमोड नको. फार चांगला नियम आहे. तू तो इतका कडक पाळतेस की भाऊजींनी एकदा चुकून लावलेला फोन तू त्यांच्या हातून हिसकावून बंद केलास म्हणे. (इकडे अर्धी घंटी वाजली होती. मी जागाच होतो. पण ते असो.) नियम तसाच चालू ठेवावा. झोपेसारखं दुसरं औषध नाही.

आता कामाचं सांगतो. मंडईत माझं लिलाव पुकारायचं काम गेलं, तिथे आकडे दाखवणारी पाटी लागली, हे तुला माहीत आहेच. आई म्हणायची, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. मी जन्मभर बोलून दुसऱ्यांची माती विकली. घरात मला 'भोंगा' म्हणत, शाळेत भोंगा, मंडईत तर माझं खरं नाव कोणाला ठाऊकच नव्हतं. तर अशा या भोंग्याला या शहराने कोणतं काम द्यावं? मुक्याचं. इथे दिवसा बाजारपेठेच्या गल्ल्यांत मालाच्या गाड्यांना बंदी आहे, कारण माणसांनाच चालायला जागा नाही. म्हणून दुकानांचा माल रात्री पोचवायचा. पण दुकानांच्या डोक्यावर लोक राहतात आणि लोकांना झोप लागते, म्हणून तो बिनआवाज पोचवायचा. हॉर्न नाही, रेडिओ नाही, थांबल्याबरोबर इंजिन बंद. टेम्पोचं दार आपटायचं नाही, कुल्ल्याने दाबून लावायचं. (तुला वाचताना हसू येईल, पण याचं रीतसर शिक्षण आहे.) टेम्पोच्या तळाला गालिचा, ट्रॉलीला रबरी चाकं, दुकानांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात प्रत्येक किल्लीला चिंधी गुंडाळलेली. आणि बोलायचं तर कुजबुजायचं. पण कुजबुजायचं कोणाशी? टेम्पोत मी एकटा.

कामावर घेण्याआधी परीक्षा झाली. एका खोलीत आवाज मोजायचं यंत्र ठेवलं होतं, त्यात काटा. काचेच्या बाटल्यांनी भरलेला क्रेट उचलायचा, खोलीभर फिरवायचा आणि फरशीवर ठेवायचा, काटा हलता कामा नये. माझ्या आधीचे दोघे तिथेच गळाले. मी श्वास रोखून, लहान बाळाला पाळण्यात ठेवावं तसा तो क्रेट ठेवला. काटा जागचा हलला नाही. मला इतका आनंद झाला की मी मंडईच्या आवाजात ओरडलो, "जमलं!" काटा पार दुसऱ्या टोकाला जाऊन अडकला. आमचे मुकादम अडकलेला काटा सोडवत म्हणाले, हात चांगले आहेत, तोंडाचं बघा. तेव्हापासून तोंडाचं बघतोय. मुकादम स्वतः इतकी वर्षं या कामात आहेत की आता दिवसासुद्धा कुजबुजतातच. ते रागावले तरी कानात गुपित सांगितल्यासारखं वाटतं.

माल ठेवायचा तो बंद दुकानांत. किल्लीने दार उघडायचं, अंधारात आत जायचं, ठेवायचं, बाहेर यायचं. ज्याचा माल त्याला मी कधी पाहिलेलं नाही, त्याने मला पाहिलेलं नाही. मी पोचवलेला पाव कोण खातं, मी ठेवलेले बूट कोणाच्या पायात जातात, काही कळत नाही. कपड्यांच्या दुकानात सुरुवातीला एका बाईला माझा धक्का लागला, मी दोन्ही कान धरून माफी मागितली, पण बाई काही बोलेना. बघतो तर साडी नेसवलेला पुतळा. पुढे पुढे मी त्या पुतळ्यांना रात्रीची थोडी हकिकत सांगू लागलो. (हळू आवाजात. नियम मोडला नाही.) ऐकून घेण्याच्या बाबतीत ते भाऊजींपेक्षा बरे, निदान मध्येच वर्तमानपत्र उघडत नाहीत.

खोलीवर तरी कोणी असेल असं तुला वाटेल. आहे. एक न्हावी आहे. तो आणि मी एकाच खोलीचे आणि एकाच पलंगाचे भागीदार आहोत, तो रात्री झोपतो आणि मी दिवसा. मी येतो तेव्हा तो गेलेला असतो, उशी मात्र गरम असते. उशीवर रोज वेगवेगळ्या माणसांचे केस सापडतात, त्यावरून त्याचा धंदा बरा चालला आहे एवढं समजतं. इतक्या महिन्यांत आमची भेट एकदाच झाली, आणि तीही मी त्याला चोर समजल्यामुळे. एकदा मी लवकर परतलो तर एक अनोळखी इसम माझी छत्री घेऊन जिना उतरत होता. मी त्याला धरलं. त्यानेही मला धरलं, कारण त्याच्या हिशेबी मी चोर होतो. सवयीने मी ओरडायचं विसरून कुजबुजलो, "चोर, चोर," आणि त्यामुळे कोणी आलं नाही हे बरंच झालं. ओळख पटल्यावर दोघेही इतके लाजलो की छत्री कोणीच नेली नाही. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याचं तोंड दुखतं, त्याला घरी शांतता हवी असते. माझी शांतता त्याला देऊन टाकायची तयारी आहे, पण ती घ्यायलाही तो घरी हवा ना.

आता मुख्य संकटाकडे येतो. आमच्या टेम्पोच्या पाठीवर एक नंबर रंगवलेला आहे, आवाजाचा त्रास झाल्यास कळवा म्हणून. एकाच घरातून एकाच ड्रायव्हरबद्दल तीन तक्रारी आल्या की त्या ड्रायव्हरचं काम गेलं. काम गेलं तर मला परत यावं लागेल, भाऊजींच्या दुकानात बसावं लागेल आणि "मी म्हणालोच होतो" हे वाक्य रोज जेवताना ऐकावं लागेल. (ते खरंच म्हणाले होते. म्हणून जास्त टोचतं.) माझ्या फेरीत एक दूध-पावाचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर एक आजीबाई एकट्या राहतात. पहिली तक्रार त्यांची. ट्रॉलीचं चाक कुरकुरतं. मी चारही चाकांना तेल पाजलं. पुढच्या पंधरवड्यात दुसरी तक्रार, तीही त्यांचीच. तुमचा माणूस शिंकतो. आता पुठ्ठ्याच्या धुळीने मला शिंका येतात आणि आपल्या घराण्याची शिंक कशी असते हे तुला सांगायला नको, बाबा शिंकले की शेजारच्यांचं बाळ उठायचं. मी तर शिंक दाबत होतो. पण आजीबाईंनी तेही कळवलं होतं, की हल्ली दाबून शिंकतो, दाबलेली शिंक वाईट, कानावर जाते. मुकादमांनी मला हे सगळं कुजबुजत सांगितलं आणि तिसरी आली तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं म्हणून पाठीवर हात ठेवला. माझी पाचावर धारण बसली.

मग मी जे काही केलं त्याला तू वेड म्हणशील. त्या गल्लीला उतार आहे, मी वरच्या टोकालाच इंजिन बंद करून टेम्पो नुसता घरंगळत आणू लागलो. बुटांवर मोजे चढवले. (बुटांच्या आत नव्हे, वरून.) ट्रॉलीची चाकं गुंडाळायला जाड कापड हवं होतं, खोलीत एक जुनं पांघरूण सापडलं, ते फाडलं. ते न्हाव्याचं निघालं. त्याने माझ्यासाठी उशीवर एक चिठ्ठी ठेवली, "पांघरूण?" एवढीच. आमच्यातला हा सर्वांत मोठा संवाद. राहिली शिंक. त्या दुकानात मागच्या बाजूला कोल्डरूम आहे, म्हणजे माणूस उभा राहील एवढा मोठा फ्रीज, भिंती वीतभर जाड. शिंक आली की मी पळत त्यात शिरायचो, दार ओढून घ्यायचो आणि आत मोकळेपणी शिंकायचो. एक दिवस घाईत दार जरा जोरात ओढलं गेलं, खटका बसला आणि शिंकून झाल्यावर ते उघडेना.

ताई, आधी मी ते ओढून पाहिलं. मग हळूच ठोठावलं. मग जोरात. मग लक्षात आलं की इथून आवाज बाहेर जातच नाही, आणि घाबरून मी ओरडलो. मंडईतला आवाज. इतक्या महिन्यांनी. दुधाच्या बाटल्या थरथरल्या. आणि काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! मी मदतीला कोणी या म्हणून ओरडायला सुरुवात केली होती, पण नंतर मदतीचं विसरलो. टोमॅटोचा लिलाव पुकारला, बटाट्याचा पुकारला, शाळेतल्या कविता म्हटल्या, भाऊजींची नक्कल केली. मग जरा थंडी वाजायला लागली तेव्हा नीट पाहिलं, तर दाराला आतून हातभर मोठी लाल मूठ होती आणि खाली लिहिलं होतं, 'ढकला'. मी आतापर्यंत ओढत होतो. ढकललं, उघडलं, बाहेर आलो. पण त्या दिवसापासून त्या दुकानात रोज माल लावून झाला की मी कोल्डरूममध्ये जायचो, दार लावायचो आणि थोडा वेळ मोठ्याने बोलून यायचो. कोणाशी, असं विचारशील. तुझ्याशीच बोलत होतो. तू लोण्याच्या खोक्यांच्या बाजूला उभी आहेस असं धरून चालायचो. तू अंगठा दाखवत नव्हतीस.

असा सगळा बंदोबस्त झाल्यावर मी निर्धास्त होतो, आणि तेवढ्यात मुकादमांचं बोलावणं आलं. तिसरी तक्रार, त्याच आजीबाईंची. मी शपथेवर सांगितलं की माझ्याकडून सुईसुद्धा पडलेली नाही. मुकादम म्हणाले, तीच तर तक्रार आहे. आजीबाईंनी फोन करून सांगितलं होतं की बरेच दिवस तुमचा माणूस येत नाही, चाक वाजत नाही, शिंक येत नाही, त्याला काही झालंय का? मी म्हणालो, मग ही आवाजाची तक्रार कुठे झाली, ही तर आवाज नसल्याची झाली! मुकादम म्हणाले, खरं आहे, पण संगणक तक्रारी मोजतो, वाचत नाही, त्याने तीन मोजल्या. चांगलं करायला गेलो तर हे असं. एकच वाट होती. आजीबाईंनी स्वतः फोन करून 'माझं समाधान झालं' असं कळवलं तर एक तक्रार रद्द होते. तेव्हा दिवसाउजेडी जाऊन त्यांची समजूत घालणं भाग होतं.

दिवसा ती गल्ली मला ओळखूच येईना. जिथे माझ्या श्वासाचा आवाज मला ऐकू येतो तिथे माणसं ओरडत होती, पोरं पळत होती, माझ्याच दुकानातून लोक माझं दूध घेऊन बाहेर पडत होते आणि कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मी त्या दुकानावरून दोनदा पुढे गेलो. शेवटी जिना चढून वर गेलो, पण सवयीने घंटी दाबवेना. बोटाच्या टोकाने दार हलकंसं टकटकलं. ते मलाच ऐकू आलं नाही, आत काय जाणार? पुन्हा टकटकलं, पुन्हा काही नाही. परत फिरावं असा विचार करत होतो, तेवढ्यात जिन्यातली धूळ नाकात गेली आणि मी शिंकलो. बाबांची शिंक, पूर्ण, न दाबलेली. दार ताडकन उघडलं. एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच ते! या, आत या. जिवंत आहात तर."

त्यांनी खुर्ची दिली, चहा टाकला. मी कुजबुजत माझं गाऱ्हाणं मांडायला लागलो तर म्हणाल्या, मोठ्याने बोला, दिवसा या गोंगाटात मला काही ऐकू येत नाही, रात्री मात्र मुंगी चालली तरी कळते. त्यांना रात्री झोप लागत नाही. खिडकीशी बसून राहतात. अख्ख्या गल्लीत आपण एकट्याच जाग्या असं वाटायला लागलं की खाली माझं चाक कुरकुरायचं, मग मी शिंकायचो, आणि त्या मनात म्हणायच्या, आला. मग त्यांचा डोळा लागायचा. मी विचारलं, आजी, मग तुम्ही तक्रार का केलीत? तर अगदी सहज म्हणाल्या, "सांगायला दुसरं कोण आहे? तक्रार केली की दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन येतो, समाधान झालं का विचारतात. फार गोड बोलतात हो. चाकाबद्दल बोललं की आणखी दोन गोष्टी निघतात." मी म्हणालो, मुलाबाळांचा फोन येत असेल ना. त्या म्हणाल्या, मुलगा फार काळजी घेतो, त्याला माहीत आहे की मला रात्रीची झोप नाही, म्हणून दिवसा करत नाही, आईचा डोळा लागला असेल तर झोपमोड नको म्हणून. मी चहाचा कप खाली ठेवला.

आणि मग मी बोलायला लागलो. ताई, मी किती बोललो ते विचारू नकोस. मंडई, लिलावाची पाटी, परीक्षेतला काटा, न्हाव्याची उशी, पुतळ्याची माफी, लोण्याच्या खोक्यांशेजारी उभी असलेली तू, सगळं सांगितलं. दिवसाच्या आवाजात सांगितलं. खालच्या दुकानदाराने एकदा वर येऊन भांडण चाललंय का म्हणून पाहिलं. आजीबाई हसत होत्या, मध्ये मध्ये "अग बाई" म्हणत होत्या, आणि मी भाऊजींच्या दुकानापर्यंत आलो तेव्हा बघतो तर त्या खुर्चीतच गाढ झोपल्या होत्या. (भाऊजींची गोष्ट ऐकून झोप येते हे मी आधीपासून सांगत आलोय.) मग मी आयुष्यात शिकलेली सगळी विद्या पणाला लावली. कप उचलले, विसळले, ठेवले, खिडकीचा पडदा ओढला आणि कडी न वाजवता दार लावून जिना उतरलो. काटा हलला नसता. खाली आल्यावर आठवलं की तक्रार मागे घेण्याचं विचारायचंच राहिलं होतं.

त्या रात्री मी जिवावर उदार होऊन फेरी केली. सकाळी मुकादमांनी बोलावलं, मी टेम्पोची किल्ली टेबलावर ठेवूनच उभा राहिलो. त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली. आजीबाईंचा फोन आला होता, समाधान झालं म्हणून. माझा जीव भांड्यात पडला. पण अट होती. माणूस आला हे त्यांना कळलं पाहिजे. आता एकीकडे नियम आवाज करू नका आणि दुसरीकडे अट आवाज करा, मी करू तरी काय? मुकादमांनी भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीला सांगितल्यासारखं कुजबुजले, की नियमात इंजिन आहे, हॉर्न आहे, दार आहे, चाकाला तेल घालण्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. तेव्हापासून माझ्या ट्रॉलीची तीन चाकं तेल पितात आणि चौथं उपाशी आहे. त्या दुकानापुढे आलो की त्याच्यावर जरा भार टाकतो. ते कुरकुरतं. वरून खाकरल्याचा आवाज येतो. मग मी पुढच्या दुकानाकडे जातो. एवढंच आमचं बोलणं, पण रोज होतं.

तर असं आहे. काम शाबूत आहे, तब्येत ठणठणीत आहे, भाऊजींना दुकानात माझ्यासाठी जागा करायची गरज नाही. माझी काळजी करू नये. दिवसाचा नियम पाळत राहावं, माझी झोप मोडू नये. तुझ्या गुडघ्याला जप, पोरांना पापा, भाऊजींना नमस्कार (घोरण्याचं मागून).

तुझा,
भोंगा

ता. क. न्हाव्याच्या पांघरुणाची भरपाई करायची आहे. घरातलं एखादं जुनं पांघरूण, कोणत्याही रंगाचं, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठव. आपल्या घरच्यासारखा वास असेल तर धुऊ नकोस. ते न्हाव्याला देऊन त्याचं फाटकं मी ठेवीन किंवा उलट करीन, अजून ठरवलं नाही.

आणखी एक. नळाचं लिहितो म्हणालो आणि राहिलं. फार मागे तू एकदा फोनवर माझ्यासाठी आवाज भरून ठेवला होतास, आठवत नसेल. "अरे, झोपला असशील. काही काम नव्हतं. झोप तू." एवढाच आहे. पण पाठीमागे नळ ठिबकतोय, कुकर शिट्टी देतोय, भाऊजी घोरतायत आणि धाकटी काहीतरी मागतेय. दोन दुकानांच्या मध्ये टेम्पो थांबवला की मी तो बारीक आवाजात लावतो. घरी आलो आणि नळ बंद झालेला असला तर मला घर चुकल्यासारखं वाटेल. म्हणून म्हटलं.

आणि हे शेवटचं. वर दोन-तीनदा लिहिलंय की दिवसा फोन करू नका, ते सगळं खोडलेलं समज. खोडायचंच होतं, पण पानावर काट मारली असती तर तू विचारलं असतंस काय खोडलं म्हणून. आजीबाईंच्या पद्धतीने ही माझी तक्रार नोंदवून घे. पुष्कळ दिवस झाले, तुझ्या घराकडून कसलाही आवाज येत नाही. चाक वाजत नाही, ओरडा येत नाही. माणसाला काही झालंय का? दुपारी कधीही फोन कर. अर्ध्या घंटीत बंद करू नकोस, मी उचलेपर्यंत वाजू दे. बोलायला काही नसलं तर पोरांवर ओरड, मी ऐकेन.

ता. ता. क. मी झोपेतून उठून उचलेन, त्यामुळे आधी चिडेन. कोण आहे, कशाला उठवलं, असं काहीबाही म्हणेन. तिकडे लक्ष देऊ नकोस. फोन ठेवू नकोस, ताई.